विकार कोठे आहे?

समलैंगिक आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य, चिंताविकार व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांनी दाखवून दिले आहे. त्यावरून ‘म्हणजे ही प्रवृत्ती मुळातच रोगट’ असा निष्कर्ष काढणारे सुशिक्षित आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एकीला दुसरीचे कारण ठरवून मोकळे व्हायचे, ही चूक संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करतो आणि आम्ही त्याचे गुण कापतो.

या समजुतीला मोठा धक्का १९५७ साली बसला. एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी ३० समलैंगिक व ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. यांपैकी कोणीही मानसोपचार घेत नव्हते. तत्पूर्वीचे बरेचसे संशोधन रुग्ण वा कैदी यांच्यावरच झालेले होते. उत्तरे नावनिशाणी झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली, तेव्हा कोणती कोणाची हे त्यांना ओळखता आले नाही. १९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली.

मग दुःख अधिक का? इलान मेयर यांनी २००३ साली सविस्तर मांडलेल्या उपपत्तीनुसार अशा अल्पसंख्याकांना नेहमीच्या ताणांखेरीज आणखी एक ताण वाहावा लागतो : उघड अवहेलना, तिची सततची धास्ती, लपवाछपवी, आणि अखेरीस समाजाचा तिरस्कार स्वतःविषयीच बाळगू लागणे. हे खरे असेल तर परिस्थिती पालटताच प्रमाणही पालटले पाहिजे. असा पडताळा अर्थशास्त्रात क्वचितच हाती लागतो. येथे तो लागला. २००४-०५ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांनी समलिंगी विवाहांवर घटनात्मक बंदी घातली. त्याच माणसांची बंदीपूर्वी व त्यानंतर अशी दोनदा पाहणी झालेली होती. मार्क हॅट्झनब्यूलर व सहकाऱ्यांनी २०१० साली ती तपासली, तेव्हा या राज्यांतील समलैंगिक व उभयलैंगिकांत नैराश्यादी विकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. बंदी नसलेल्या राज्यांत तशी लक्षणीय वाढ नव्हती. माणसांची प्रवृत्ती तीच होती, बदलला तो कायदा.

उभयलैंगिकांची स्थिती कित्येक पाहण्यांत समलैंगिकांहूनही बिकट आढळते. घरचे म्हणतात, ‘मुलगीही आवडते ना, मग लग्न कर आणि सुटून जा’. समलैंगिकांच्या वर्तुळातही त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाते.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून मुक्त केले. २०२३ साली मात्र त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. प्रवृत्ती पालटण्याचे ‘उपचार’ राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. अर्थात हा निर्णय डॉक्टरांना लागू आहे, अंगारे देणाऱ्या बुवांना नव्हे, की मुलाला घाईने बोहल्यावर चढविणाऱ्या आईबापांनाही नव्हे. आणि शाळांचे काय? एखाद्या मुलाच्या चालण्याची वर्गात नक्कल होते तेव्हा कित्येकदा शिक्षकही हसतात. मेयर यांनी सांगितलेली अवहेलना येथे आठवी-नववीतच सुरू होते, आणि ती तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकार वर्गावरील शिक्षकाला आजही आहे.