कर्त्याचा शोध : कंपनी, दंडविधान आणि कोलकाता

‘कुंपणी सरकार’ हा शब्दप्रयोग जुन्या मराठी कागदपत्रांच्या वाचकाला परिचित आहे. कुंपणी तह करते, फौज पाठवते, सारा वसूल करते. तिच्याविषयीची वाक्ये एखाद्या राजाविषयी असावीत तशी असतात. बंगालीतही ‘कोम्पानीर आमल’ म्हणजे एक राजवटच. भारतीय भाषांनी अशा रीतीने कंपनीला व्याकरणातील कर्तेपद फार पूर्वीच बहाल केले. परंतु केलेल्या कृत्याचा जाब विचारण्याची वेळ येते, तेव्हा हा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. ‘आग लागली’, ‘वायू सुटला’, ‘माणसे दगावली’ या वाक्यांत क्रियापदे आहेत, पण करणारा कोणीच नाही. कंपनीच्या फौजदारी जबाबदारीचा प्रश्न हा या हरवलेल्या कर्त्याच्या शोधाचा प्रश्न आहे, आणि कोलकाता शहराशी त्याचा संबंध निकटचा आहे.

1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळवून ईस्ट इंडिया कंपनी महसुलाची धनी झाली. तिच्या कारभाराची नैतिक झडती ब्रिटिश पार्लमेंटमध्ये 1788 ते 1795 या काळात झाली; पण आरोपी म्हणून उभा राहिला तो वॉरन हेस्टिंग्ज हा एकटा माणूस, आणि तोही अखेर निर्दोष ठरला. ज्या संस्थेच्या नावे सत्ता चालली ती संस्था आरोपीच्या जागी नव्हती. व्यक्तीवर खटला आणि संस्था मोकळी, हा साचा तेव्हापासूनचा आहे.

पुढे मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दंडसंहितेचा मसुदा 1837 मध्ये कलकत्त्यातच सादर केला. 1860 च्या संहितेतील अकराव्या कलमाने ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचाही समावेश केला. 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या कायम ठेवली आहे. व्याख्या सोपी होती; अडचण शिक्षेची होती. कंपनीला शरीर नाही, म्हणून तिला कारावास देता येत नाही. तिला मन नाही, म्हणून गुन्ह्याला आवश्यक असलेला दुष्ट हेतू तिच्या ठायी कसा मानावा? या दुहेरी शंकेपोटी न्यायालये दीर्घकाळ कचरत राहिली. कायद्याने कारावास आणि दंड दोन्ही अनिवार्य केले असतील, तर कंपनीवर खटलाच चालू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये बहुमताने म्हटले. याचा विपरीत अर्थ असा की, गुन्हा जितका गंभीर तितकी कंपनी सुरक्षित. 2005 मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही भूमिका बदलली : कारावास शक्य नसला तरी दंड करता येतो, आणि खटला चालतो. मनाचा प्रश्न 2010 च्या इरिडियम प्रकरणात सुटला. कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती इतका एकवटलेला असतो की त्यांचे मन तेच कंपनीचे मन म्हणता येईल, त्यांचा हेतू हा कंपनीचाच हेतू मानावा, असे तत्त्व मान्य झाले.

तत्त्व मान्य झाले म्हणून शिक्षा परिणामकारक झाली असे मात्र नव्हे. भोपाळचा कारखाना चालवणारी युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ही कलकत्त्यात मुख्यालय असलेली कंपनी होती. तिचे निम्म्याहून किंचित अधिक भाग अमेरिकन मूळ कंपनीकडे होते. 1984 च्या डिसेंबरमधील त्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या साठ्याचे शीतक यंत्र काही महिन्यांपासून बंद होते आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीसाठी जोडणीबाहेर होता. अशी एकेक बाब निराळ्या टेबलावर निराळ्या हाताने ठरते. अरिष्ट या साऱ्यांच्या बेरजेतून उभे राहते. एकट्या माणसाचा गुन्हा शोधणाऱ्या कायद्याच्या पकडीतून ही बेरीजच निसटते. 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि कंपनीला सुमारे पाच लाख रुपये दंड केला. मृत्यू हजारोंचे होते. तोपर्यंत कंपनीची मालकी आणि नाव दोन्ही बदलून गेली होती. मूळ अमेरिकन कंपनी तर न्यायालयासमोर उभीच राहिली नाही.

मग कंपनीला झोंबेल अशी शिक्षा कोणती? ठरीव रकमेचा दंड हा मोठ्या उद्योगाला धंद्याच्या खर्चातील एक बाब वाटतो. उलट, फार मोठा दंड केला तर त्याचा भार भागधारक आणि कामगार यांच्यावर पडू शकतो. परवाना काढून घेणे हाही मार्ग सरळ नाही. कोलकात्यातील ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात 9 डिसेंबर 2011 रोजी लागलेल्या आगीच्या धुराने सुमारे नव्वद जणांचा बळी घेतल्यावर राज्य सरकारने परवाना रद्द केला, संचालकांना अटकही झाली. पण बंद रुग्णालयाची झळ उपचारांची गरज असलेल्यांना आणि तेथील कर्मचाऱ्यांनाही लागते.

या कोंडीतून काही वाटा दिसतात. ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये भरपाईसंबंधी असे म्हटले की उद्योग जितका मोठा व संपन्न, तितकी भरपाईची रक्कम अधिक असावी. हेच गमक दंडालाही लावता येईल. ब्रिटनच्या 2007 च्या कायद्याने दोषी कंपनीला सदोष व्यवस्था सुधारण्याचा आणि आपला दोष जाहीरपणे प्रसिद्ध करण्याचा आदेश देण्याची सोय केली. आपल्याकडील 1954 च्या अन्नभेसळ कायद्यातही पुन्हा दोषी ठरणाऱ्याचे नाव त्याच्याच खर्चाने वृत्तपत्रांत छापण्याची तरतूद होती. या शिक्षांचे वैशिष्ट्य असे की, त्या कंपनीच्या शरीराचा शोध घेत बसत नाहीत; तिच्याजवळ खरोखर जे असते, म्हणजे पैसा, कार्यपद्धती आणि नाव, त्यालाच हात घालतात.

यांतील प्रसिद्धीच्या शिक्षेकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण ती भाषेतून अमलात येते. कंपनीचे निवेदन ‘दुर्दैवी घटना घडली’ असे सांगते. न्यायालयाचा आदेश तिला ‘आम्ही हे केले’ असे लिहावयास लावू शकतो. मृतांच्या नातलगांच्या दृष्टीने या दोन वाक्यांतील अंतर लहान नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. त्या दुसऱ्या वाक्यात मात्र त्यांच्या माणसाच्या मृत्यूला कोणीतरी उत्तरदायी असल्याची नोंद राहते.