बाळाचे पहिले पाऊल

घरात तान्हे मूल असले की रोज नवी बातमी असते. बाळाने मान धरली, बाळ पालथे पडले, बसू लागले, रांगू लागले! आणि ज्या दिवशी ते आधार सोडून पहिले पाऊल टाकते, त्या दिवशी आईवडिलांना आभाळ ठेंगणे होते. हे पाऊल टाकताना बाळ पदार्थविज्ञानातला केवढा अवघड प्रश्न सोडवीत असते, ते आज पाहू.

प्रथम एक प्रयोग करा. पाठ व टाचा भिंतीला टेकवून सरळ उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायांचे अंगठे धरायचा प्रयत्न करा. तुमचा तोल पुढे जाईल. एरवी वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो. भिंत ते करू देत नाही. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा जोवर दोन्ही तळव्यांनी वेढलेल्या जागेत पडते, तोवरच आपण स्थिर उभे राहू शकतो. या जागेला ‘पाया’ म्हणू.

आता बाळाची प्रगती पाहा. पालथे असताना जवळजवळ सारे अंगच पाया असते. रांगताना अंग जमिनीपासून उचललेले असते. पण एक हात पुढे टाकला तरी तिवईसारखे तीन आधार उरतात. उभे राहिल्यावर मात्र दोन इवलेसे तळवे, आणि पाऊल उचलताच एकच! गुरुत्वमध्य वर चढत जातो, पाया आकसत जातो. त्यातच डोके मोठे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते, प्रौढ माणसाचे सुमारे आठवा. म्हणून नवशिके मूल पाय फाकवून चालते. पाया रुंद करण्याची ती युक्ती आहे.

कमी उंचीचीही एक अडचण असते. तळहातावर आधी पेन्सिल, मग लांब काठी उभी तोलून पाहा. काठी तोलणे सोपे जाते, कारण ती सावकाश कलते. कलण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने ७५ सें.मी. उंचीच्या मुलाला तोल सावरायला १७० सें.मी. उंचीच्या माणसाच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढाच वेळ मिळतो.

मग मूल पडणारच! कॅरन अ‍ॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकीत होती आणि १७ वेळा पडत होती. तरी फारसे लागत का नाही? पडतानाची ऊर्जा वस्तुमान आणि उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वजन सहावा हिस्सा आणि उंची निम्मी असेल, तर ऊर्जा बारावा हिस्साच.

हे शिक्षण कोणी दुसरा देऊ शकत नाही. चाकांच्या गोल वॉकरमध्ये बसवलेल्या मुलाला स्वतःचा तोल सांभाळावाच लागत नाही. पाया वॉकरचा असतो. शिवाय तो उंबऱ्यावरून वा पायरीवरून उलटतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

‘शेजारचा दहाव्या महिन्यात चालला, आपला का नाही?’ ही काळजी घरोघर असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराविना चालण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आढळले. शंभरातील चार मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत! दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

तुमच्या घरी वा शेजारी असे बाळ असेल, तर वहीत तारखा घालून नोंदी ठेवा. दोन पावलांमधली फट किती आहे? हात वर आहेत की खाली? काही आठवड्यांत पावले जवळ येतील, हात खाली येतील. बाळाला तोल साधल्याची ती खूण समजा.