ट्रंकेच्या तळाशी भा. रा. भागवत

माझ्या संग्रहातली जी चित्रकथा मी कधी धड वाचलीच नव्हती, तीच आज सगळ्यात धडधाकट निघाली.

आम्ही हिवरे बाजारचे. आता गाव पाण्याच्या कामामुळं आणि ते उभं करणाऱ्या पोपटराव पवारांमुळं देशभर माहीत आहे. माझ्या लहानपणी मात्र घरोघरी बाहत्तरच्या दुष्काळाच्याच गोष्टी निघायच्या, आणि पोटासाठी माणसं पुण्या-मुंबईची वाट धरायची. माझे चुलतेही मुंबईला गिरणीत लागले. दिवाळीला येताना ते रद्दीच्या दुकानातून जुनी कॉमिक्स आणायचे. गावाला पाणी नव्हतं म्हणून मला वेताळ भेटला, असं म्हणायला हरकत नाही.

वेताळ म्हणजे ली फॉक यांचा फँटम. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढली, ती मराठीतही यायची. एक अंक आला की आळीतली सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडायची. त्या अंकांची आज जी दशा आहे, ती आमच्या प्रेमाची आहे. मुखपृष्ठं गेली, पिना गंजून पानं सुटली, जादूगार मँड्रेकच्या एका अंकाचा शेवट तर शेळीनं खाल्ला.

अमर चित्रकथेची ‘शिवाजी’ मात्र पत्र्याच्या ट्रंकेत तळाला तशीच राहिली. चौथीच्या इतिहासात महाराज होतेच. जे परीक्षेला येतं, ते सुट्टीत कोण वाचणार?

यंदा ट्रंक उन्हात टाकली तेव्हा ‘शिवाजी’ सावकाश वाचली, आणि आतल्या बारीक टायपावर नजर थांबली. संहिता भा. रा. भागवतांची! म्हणजे ‘फास्टर फेणे’चे, ज्यूल व्हर्न मराठीत आणणारे भागवत. चित्रं प्रताप मुळीक यांची. पुढं ‘नागराज’च्या सुरुवातीच्या कॉमिक्सची चित्रंही याच मुळीकांनी काढली. फेण्यासाठी वाचनालयात नंबर लावणारा मी, आणि भागवत माझ्याच घरात होते.

आणखी एक गंमत. अमर चित्रकथा १९६७ मध्ये सुरू करणारे अनंत पै आधी टाइम्समध्ये ‘इंद्रजाल’च्याच कामात होते. मुलांना ग्रीक देवांची नावं येतात, पण रामाच्या आईचं नाव येत नाही, हे दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत पाहून त्यांनी हा उद्योग मांडला, अशी त्यांची प्रसिद्ध आठवण आहे. मालिकेतली पहिली दहा पुस्तकं परदेशी परीकथांची होती. आपल्या कथा अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून लागल्या, आणि त्याची चित्रं राम वाईरकरांची. ‘शिवाजी’ तेविसावं. म्हणजे आमच्या ट्रंकेतला फाटका वेताळ आणि ही कोरी ‘शिवाजी’, दोन्हींमागं माणूस एकच.

बत्तीस पानांत एवढं मोठं आयुष्य बसवायचं म्हणजे काय सोडायचं हे कळायला हवं. भागवतांना ते कळत होतं. चौथीच्या पुस्तकापेक्षा ही चित्रकथा सरस आहे, असं मी आता म्हणतो. गुरुजींनी रागावू नये.

कागद इतका टिकला कसा, याचं श्रेय आमच्या कोरड्या हवेलाही आहे. आमचं गाव पर्जन्यछायेत, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. कोकणात याच पुस्तकाला बुरशी लागली असती. जुना स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन प्रकाशानं आणि हवेनं पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि पान ठिसूळ होतं. ट्रंकेत अंधार होता, म्हणून रंग उतरले नाहीत. वर वेताळाचं ओझं होतं, म्हणून पानं वाकली नाहीत.

तुमच्या माळ्यावर अशी चित्रकथा असली, तर ती रद्दीत घालण्याआधी लेखक-चित्रकारांची नावं तेवढी वाचा. ठेवायची असेल, तर आडवी ठेवा, उजेडापासून आणि ओलीपासून दूर. गंजलेली पिन हलक्या हातानं काढा. आणि फाटलं म्हणून चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग पुन्हा निघत नाही.