पाय लहान, माणूस मोठं: गोलीचे स्केट्स निवडताना शिकलेलं प्रश्न मांडणं

पेट परीक्षा झाली की गाईड पहिला प्रश्न विचारतात, ‘तुमचा प्रॉब्लेम स्टेटमेंट काय?’ तुम्ही दहा ओळी बोलता आणि ते म्हणतात, ‘हा विषय झाला, प्रश्न कुठंय?’ माझं पण असंच झालं होतं. विषय आणि प्रश्न यातला फरक मला नीट कळला तो मात्र लॅबमध्ये नाही, अंबरनाथ पूर्वेला आमच्या हॉलमध्ये, मामेबहिणीचे पाय मोजताना.

ती चोवीस वर्षांची. रोलर हॉकीत गोलकीपर. या हिवाळ्यात लडाखला बर्फावर खेळायला जायचं तिच्या डोक्यात आहे. आपल्याकडची महिला आईस हॉकी टीम २०१६ साली पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अल ऐनला ब्राँझ आणलं. हे सगळं तिला तोंडपाठ. अडलं कुठे, तर पायावर. ‘ताई, माझ्या मापाचे गोली स्केट्स फक्त लहान मुलांच्यात मिळतायत. घेऊन टाकू का? स्वस्त पण आहेत.’

आता बघा, यात किती गोष्टी एकत्र बांधल्यात. ‘ज्युनियर’ हा शब्द लांबीबद्दल बोलतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो दोन गोष्टी एकदम सांगतो: पाय लहान आणि माणूसही लहान. दहा वर्षांच्या मुलाचं वजन समजा तीस-पस्तीस किलो, हिचं छप्पन्न. गोली गुडघ्यांवर खाली जातो, मग एका पायाच्या आतल्या कडेवर जोर देऊन बाजूला सरकतो. तो सगळा जोर घोट्याजवळच्या बुटाच्या भिंतीवर येतो. मुलांसाठी केलेली मऊ भिंत तिथे दुमडते. दोन चल राशी एकाच लेबलखाली लपलेल्या असणं, यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. पुस्तकात वाचताना सोपं वाटतं, दुकानात दिसत नाही.

मार लागण्याचंही तसंच. पक साधारण १७० ग्रॅमचा. मुलांच्या खेळात तो सेकंदाला १५ मीटरने आला असं धरू, मोठ्यांच्या खेळात ३०. वेग दुप्पट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: १९ ज्यूलवरून थेट ७६ वर. म्हणजे चौपट मार. नंबर तोच असला तरी बुटाला कोणता मार सोसायचाय ते वेगळं. मी हे कागदावर मांडलं तेव्हा ती म्हणाली, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ कारण मी आधी गणितच केलं नव्हतं!

मग मोजमाप. तिच्या तीन बुटांवर तीन आकडे निघाले: ३.५, ३६ आणि ६. तिन्ही बरोबर, कारण तिन्ही वेगळ्या पट्ट्या. ब्रिटिश पट्टीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.५ मिलिमीटरच्या आसपास. युरोपीय पट्टीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकन बायकांची पट्टी अजून तिसरीच. त्यात स्केट्सचा नंबर बुटाच्या अमेरिकन पुरुषांच्या नंबरपेक्षा साधारण एक ते दीडने कमी असतो. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर घ्या. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला, वजन दोन्ही पायांवर, खेळताना घालायचा तोच मोजा. आम्ही प्रत्येक पाय तीनदा मोजला: डावा २२४, २२६, २२५, उजवा तिन्ही वेळा २२९. पहिल्यांदा मी फक्त डावाच मोजला होता, तेवढ्यावर थांबलो असतो तर चार मिलिमीटर हुकले असते. निवड मोठ्या पायावरून करायची.

रुंदी हा इथला खरा घोळ. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर १ लाखाहून जास्त लोकांच्या पायांची थ्रीडी मोजणी केली आणि त्यावरून ‘भा’ ही भारतीय मापपद्धत सुचवली. त्यात दिसलं की आपले पाय युरोपीय किंवा अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात. म्हणून आपण काय करतो? रुंदी मिळावी म्हणून लांब बूट घेतो. चपलेत हे चालून जातं. स्केटमध्ये टाच सैल राहिली की पाय आधी हलतो, पातं नंतर. गोलीला तो क्षण परवडत नाही. त्यामुळे लहान पायाच्या माणसाने लांबी वाढवण्याऐवजी रुंद फिट शोधावा.

आता उत्तर. लहान मापातही मोठ्यांच्या दर्जाचा कडक बूट कुठे मिळतो, हा आमचा प्रश्न झाला. ज्युनियर आणि सीनियरच्या मध्ये इंटरमीडिएट नावाचा गट असतो, आणि काही कंपन्या वरच्या दर्जाचं मॉडेल त्या गटातही काढतात. तिच्या मापापेक्षा तो अर्धा नंबर मोठा पडत होता. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. लांबी अचूक पण बूट मऊ, की बूट कडक पण लांबी किंचित जास्त? आम्ही दुसरं निवडलं, कारण बूट गरम करून टाचेशी थोडा बसवता येतो. मऊ बूट कडक करता येत नाही. (जाड मोजे घालून जागा भरू नका, पायाला पात्याचा अंदाज येत नाही.)

तसं उल्हासनगरला काय मिळत नाही म्हणा, ‘मेड इन यूएसए’चा विनोद आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण गोली स्केट्स नाहीत. टोरोंटोच्या मावशीला आम्ही पुठ्ठ्यावर कापलेला उजव्या पायाचा आकार पाठवला. तिने दुकानात आतला तळ बाहेर काढून त्यावर तो ठेवून बघितला आणि फोटो पाठवले. पहिल्या जोडीत पुठ्ठ्याची करंगळीकडची कड तळाबाहेर येत होती, रुंद फिटमध्ये बसली. किंमत मात्र माझ्या फेलोशिपच्या महिन्याभराच्या रकमेपेक्षा जास्त निघाली, मामाचा चेहरा बघण्यासारखा होता.

बूट आल्यावर अजून एक चाचणी: लेस न बांधता पाय घाला, वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवा. पेन्सिल पायाला टेकली तर बूट उथळ, परत पाठवा. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. तिची पेन्सिल टेकली नाही. डाव्या टाचेत मात्र किंचित फट आहे. ती गरम करून घ्यायची की तसंच दोन आठवडे घरात घालून बघायचं, यावर आमचा वाद अजून चालू आहे.