चला, सायकल काढा… कामाशिवाय!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सायकल कुठं ठेवली आहे? जिन्याखाली, न्हाणीघरामागं की पडवीत? बहुतेक तिच्या हँडलला कांद्याची पिशवी अडकवलेली असेल, कॅरिअरवर रद्दीचा गठ्ठा असेल आणि दोन्ही चाकांतली हवा कधीच गेलेली असेल. मुलीसाठी घेतली होती. मुलगी शिकायला लातूरला नाहीतर सोलापूरला गेली, मुलाला मोटारसायकल हवी झाली आणि सायकल राहिली घरात धूळ खात.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही स्वतः शेवटची सायकल कधी चालवलीत? लग्नाआधी ना? मैत्रिणीला मागं बसवून शाळेला जाताना, उतार लागला की पायडल सोडून दोन्ही पाय पसरून! सासरी आल्यावर ते सुटलं. कुणी मनाई केली असंही नाही, पण पुन्हा तो विषय निघाला नाही एवढं खरं. आज तो विषय काढू या. दसरा-दिवाळीचे हे दिवस सायकलवर फिरण्यासाठी वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस आहेत.

'काय काम काढलंत?'

माझ्या वर्गात आठवी-नववीच्या मुली जवळपासच्या खेड्यांतून सायकलींवर येतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. शाळा हे काम आहे ना! पण तीच मुलगी दहा वर्षांनी कुणाची सून झाली आणि सकाळी सायकल घेऊन निघाली, तर गल्लीतल्या चार दारांतून प्रश्न येतो, "काय वो वैनी, काय काम काढलंत?"

घरची बाई बाहेर पडते ती कशाला? दळण, भाजी, बँक, देऊळ, हळदीकुंकू. 'फिरायला' हे उत्तर या यादीत बसत नाही. पुरुषमंडळी संध्याकाळी हॉटेलात चहाच्या कपावर तासभर बसतात, त्यांना कुणी विचारत नाही. आपण मात्र फिरायलाही काहीतरी निमित्त शोधतो, आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत येतो.

सायकलवरच्या बाईकडं लोक बघतात, ही गोष्ट काही आपल्याच गावची नाही. १८९०च्या सुमारास विलायतेत आणि अमेरिकेत बायका सायकली चालवू लागल्या, तेव्हा तिथले काही डॉक्टर सांगत, की तोल सांभाळण्याच्या ताणानं बायकांचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो. या कल्पित रोगाला त्यांनी 'सायकल-चेहरा' असं नावसुद्धा दिलं होतं! पुढं बायका सायकली चालवीतच राहिल्या आणि रोग नाहीसा झाला.

आपल्या देशातलं उदाहरण तर याहून मोठं आहे. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमाराला साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तिथल्या तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचाही कार्यक्रम घेतला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या अशा हजारो बायका दोन-तीन वर्षांत सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. एस.टी.ची वाट बघणं आणि कुणी सोडायला येईल का म्हणून घरच्या पुरुषांच्या तोंडाकडं बघणं, दोन्ही एकदम सुटलं, हा त्या बायकांना झालेला मोठा लाभ.

आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी! २०१८ साली, विसाव्या वर्षी, ती सायकलवर जगाला चक्कर मारून आली, जवळजवळ एकोणतीस हजार किलोमीटर. कॅनडात तर अस्वल तिच्या मागं लागलं होतं. आपल्या मागं लागलं तर कोपऱ्यावरचं कुत्रं लागेल, तेव्हा फार घाबरायचं कारण नाही.

शरदच का?

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. आमच्या मुरूमकडं, म्हणजे उमरगा तालुक्यात, उन्हाळ्यात सायकल चालवणं म्हणजे तव्यावर चालणं. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते, की मडगार्डात लगदा भरतो आणि सायकल आपल्याला नेण्याऐवजी आपणच तिला उचलून आणतो. परतीचा पाऊस संपला, उन्हानं चार दिवस जमीन सुकली, शेतकऱ्यांच्या भाषेत वाफसा आला, की शेताच्या कडेच्या वाटाही सायकलजोग्या होतात.

या दिवसांत बघायलाही किती असतं! बांधावर तरवडाची पिवळी फुलं, सोयाबीनची काढणी, मळणी यंत्राची घरघर, रब्बी ज्वारीची पेरणी, दिवाळीच्या पुढं पिवळी होत जाणारी तूर. विजेच्या तारेवर मातकट दिसणारा नीळकंठ उडाला, की पंखांतली निळाई बघून पायडल मारायचं राहून जातं.

मात्र ऑक्टोबरचं ऊन विसरू नका. दुपारी ते चैत्राची आठवण करून देतं. म्हणून सकाळची वेळ धरा. आपल्या भागात ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला उगवतो. उजाडता निघालात, की साडेसातच्या आत घरात. संध्याकाळी जायचं तर दिवाळीनंतर पावणेसहालाच सूर्य मावळतो, हे लक्षात ठेवून लवकर परता.

आमची चौघींची टोळी

गेल्या वर्षी कोजागिरीनंतर आम्ही चौघी जणी निघू लागलो. एकीनं मुलीची सायकल घेतली, दोघींनी जुन्या दुरुस्त करून घेतल्या, मी शेजारच्या काकूंकडची मागून आणली. आठवड्यातून तीन दिवस. नळाला पाणी यायच्या दिवशी सायकल नाही, हा आमचा पहिला नियम; त्याला हसू नका, त्या नियमामुळंच घरचं कुणी बोललं नाही. दुसरा नियम असा, की पिशवी न्यायची नाही. पिशवी नेली की भाजी आठवते आणि फिरण्याचं पुन्हा काम होतं.

आम्ही कधी बेनितुरा नदीच्या बाजूला जातो, कधी आलूरच्या वाटेनं, कधी बेळंबच्या. जमेल तिथवर जायचं आणि वळायचं. आमच्या गावाच्या नावातच रस्त्याचं सामान आहे, पण मुरमाच्या रस्त्यावर सायकल जपून चालवावी लागते, ते पुढं सांगतेच.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, पहिले आठ दिवस हे काही पटलं नाही. "कामाबिगर बाईनं कशाला भाईर जावं?" असं त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या. मी उलट बोलले नाही आणि जायचंही सोडलं नाही. एके दिवशी परत आल्यावर सहज म्हणाले, "बेळंबच्या रस्त्याला तूर कमरेच्या वर गेलीय." त्या एकदम वळल्या. "फुलं धरली का? आन् हरभरा पेरला का न्हाई अजून?" आत्याबाईंचं सारं आयुष्य शेतात गेलेलं. गुडघे दुखायला लागल्यापासून दोन वर्षांत त्यांनी शीव ओलांडली नव्हती. तेव्हापासून मी आले, की चहाबरोबर रोज त्यांना शिवाराची खबर द्यायची. आता मीच एखाद्या दिवशी आळस केला, तर त्या विचारतात, "आज गेली न्हाईस व्हय?"

आधी सायकलची डागडुजी

वर्ष-दोन वर्षं पडून असलेली सायकल तशीच काढू नका. एकदा दुकानात नेऊन दाखवा आणि पुढं हे घरच्या घरी पाहत जा :

हवा : अंगठ्यानं टायर जोरात दाबा. सहज आत गेलं तर हवा कमी. कमी हवेत दुप्पट दम लागतो आणि ट्यूबही लवकर पंक्चर होते. टायरला भेगा असतील तर ते बदलाच.

ब्रेक : ब्रेकची दांडी दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. रबर झिजले असतील तर नवे बसवा. खर्च थोडा, पण हात-पाय शाबूत राहतात.

चेन : जुन्या कापडानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून घ्या. तेल फार झालं की धूळ धरते आणि साडीलाही लागते.

सीट : टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला लागतो. सवय मोडली असेल तर पहिले आठ दिवस सीट खालीच ठेवा, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मग हळूहळू वर घ्या.

गिअरच्या महागड्या सायकलीची गरज नाही. मधला दांडा खाली असलेली साधी लेडीज सायकल, चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, एवढं पुरे.

साडी की पंजाबी ड्रेस?

ज्यात तुम्ही मोकळ्या असाल ते. पंजाबी ड्रेस सोयीचा, पण ओढणीला गाठ मारून ती कमरेशी खोचा. ओढणी चाकात गेली तर सायकलबरोबर आपणही पडतो. साडी असेल तर घोट्याच्या वर नेसा आणि पदर खोचा. चपलेपेक्षा मागं पट्टा असलेली सँडल किंवा कापडी बूट बरे. हेल्मेट असेल तर जरूर घाला. सोबत पाण्याची बाटली, मोबाईल आणि थोडे सुटे पैसे.

अगदी उपाशी निघू नका. मूठभर भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा खाल्ला तरी चालतं. मोठा नाश्ता आल्यावर. आमच्याकडं एकीनं शेंगापोळी आणली, की त्या दिवशी वळायची जागा आपोआप जवळ येते!

रस्त्यावरची शिस्त

आपला रस्ता डावीकडचा, आणि चालायचं एकीमागं एक. गप्पा थांबल्यावर. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, म्हणजे आपल्या जुन्या नऊ नंबरवर, हौसेसाठी जाऊच नका. नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल बघावासा वाटला तर खुशाल एस.टी.नं जा.

सुट्या मुरमावर, वाळूवर किंवा ओल्या जागी पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, चाक घसरतं. आधी मागचा, मग हळूच पुढचा. याच दिवसांत काही ठिकाणी रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल मण्यांवरून जावी तशी निसटते. तिथं सरळ उतरून चाला. शेतकऱ्याचा मालही वाचतो.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने सुरू होतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॉलीला खेटून जाऊ नका आणि अंधारात त्या रस्त्यांना फिरकूच नका. कित्येकींना मागं दिवाच नसतो. कुत्रं मागं लागलं तर वेग वाढवण्यापेक्षा उतरा, सायकल मधे धरा आणि दमदार आवाजात हाकला. रोज वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना आणि दोन मुलांच्या आईला तो आवाज शिकवावा लागत नाही.

तब्येतीचा हिशेब

मोठ्या माणसानं आठवड्यातून किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसांत हिशेब पुरा. आरामात चालवली तरी अर्ध्या तासात पाच-सहा किलोमीटर होतात. सायकलवर शरीराचा भार सीटवर असल्यानं गुडघ्यांना हादरे कमी बसतात. मात्र हाडांच्या बळकटीसाठी पायी चालणंही हवं, म्हणून घरी परतताना शेवटची गल्ली सायकल हातात धरून चाला.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटंच चालवा. मांड्या आणि बैठक दुखेल, ते चार-सहा दिवसांत जातं. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर ताबडतोब थांबा. पाळीच्या दिवसांत जावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. अंगाला झेपत असेल तर बंदी नाही.

हे सगळे फायदे घरी पटवून द्यायला उपयोगी पडतील, म्हणून सांगितले. पण तुम्हाला एक वेगळंच सांगते. वजन कमी झालं नाही तरी सायकल सोडू नका. रोजच्या चोवीस तासांतला अर्धा तास कुणाच्या डब्याचा नाही, कुणाच्या औषधाचा नाही, तुमचा आहे. त्याला आणखी कसलं कारण लागत नाही.

दसऱ्याला आपण घरातली वाहनं धुऊन पुसून त्यांची पूजा करतो. मोटारसायकलला झेंडूचा मोठा हार आणि सायकलला उरलेली दोन फुलं. यंदा उलट करा. मोठा हार सायकलला घाला, हळदकुंकू लावा, आरती होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हार वाळायच्या आत, तिला घेऊन निघा. कुणी विचारलंच, "काय काम काढलंत?" तर हसून सांगा, "काही नाही हो, फिरायला चालले!"