मोती आला की मोती आली?

पुण्यातील एखाद्या घरात बॉक्सर जातीचे पिल्लू आणायचे ठरते. ओळखीच्यांची कुत्री व्याली आहे, पिल्ले जेमतेम पंधरा दिवसांची आहेत, आणि आपल्या वाट्याला नर येणार की मादी, हे ती आईपासून वेगळी करण्याजोगी झाली म्हणजे कळणार. पण घरातल्या मुलांना धीर कुठला! त्यांना नाव आजच हवे. मग असे नाव शोधायचे, की जे दोघांनाही चालेल. काम सोपे वाटते. मराठी माणसाला मात्र ते तितके सोपे नाही, आणि याचे कारण शोधू लागलो की व्याकरणापासून थेट कुत्र्याच्या कानापर्यंत जावे लागते.

प्रथम व्याकरण पाहू. आपल्याकडची कुत्र्यांची जुनी नावे आठवा. वाघ्या, काळ्या, खंड्या, ठिपक्या ही सारी नरांची. मादी असली की काळी, चिंगी, राणी. म्हणजे नर की मादी हे बहुधा नावाचा शेवटचा स्वरच सांगतो. ‘मोती’ हे नाव ईकारान्त असूनही नराला सर्रास दिले जाते, हा अपवाद. बरे, चिकू किंवा किरण असे दोन्हीकडे चालणारे नाव शोधले, तरी सुटका नाही. आपले क्रियापद लगेच विचारते, चिकू आला की चिकू आली? समोर उभे करून बोलायचे म्हटले तरी ‘कुठे गेला होतास?’ आणि ‘कुठे गेली होतीस?’ यांतून एक निवडावेच लागते. शेजारच्या बंगाली कुटुंबाला ही अडचण नाही. बंगालीत क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही आणि सर्वनामही. मराठीने मात्र संस्कृतातली तिन्ही लिंगे जपून ठेवली आहेत. गंमत म्हणजे बॉक्सर ही जात जिथली, त्या जर्मनीच्या भाषेतही तीनच लिंगे आहेत. म्युनिक शहरात १८९५ च्या सुमारास या जातीच्या हौशी लोकांनी आपला पहिला क्लब काढला.

तिसरे लिंग आहे तर ते वापरावे, असे कोणी म्हणेल. ‘पिल्लू आले’ हे ठीकच आहे. पण हे पिल्लू वर्षभरात पंचवीस-तीस किलोंचे होऊन पाहुण्यांच्या खांद्यावर पंजे ठेवू लागते. त्याला ‘ते’ म्हणणे जिभेवर येत नाही.

मराठीत लिंग मुळीच नसलेली एक जागा मात्र आहे, ती म्हणजे आज्ञार्थ. ये, बस, थांब, ऊठ, सोड. ही रूपे नराला आणि मादीला एकच. ‘शाब्बास’ हाही तसाच. कुत्र्याशी आपले कामाचे बोलणे जवळजवळ सगळे याच शब्दांत होते. आला-आली हे आपण कुत्र्याविषयी एकमेकांशी बोलतो. कुत्र्याला त्याचे सोयरसुतक नसते.

मग कुत्र्यापर्यंत काय पोचते? माणसाच्या कानाला दर सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये बनवलेली शिटी फुंकली तर माणसांना काहीच ऐकू येत नाही, पण कुत्रा मान वळवतो. कान इतका तीक्ष्ण असूनही शब्दांतले बारकावे तो आपल्यासारखे टिपतो का, हा वेगळा प्रश्न आहे. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर विद्युतअग्रे चिकटवून मेंदूतील लहरी नोंदवल्या. त्यांना ओळखीचे शब्द ऐकवले, अगदी वेगळे निरर्थक शब्द ऐकवले, आणि ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलून केलेले निरर्थक शब्दही ऐकवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अगदी वेगळ्या शब्दांना मेंदूने वेगळा प्रतिसाद दिला, पण एका ध्वनीचा फरक त्या लहरींत उमटला नाही. हा फरक कुत्र्यांना ऐकूच येत नाही, असे नव्हे. तिकडे ते लक्ष देत नसावेत. साधारण वर्षाचे मूल नवे शब्द शिकताना असेच करते.

आता हे मराठीला लावून पाहा. काळू आणि काळी यांत फरक किती? एका स्वराचा! ज्या स्वरात आपण सारे लिंग साठवतो, तोच कुत्र्याच्या लेखी बहुधा बिनमहत्त्वाचा.

याचा ठळक दाखला पुण्याजवळच आहे, फक्त तो बॉक्सरचा नसून लॅब्रॅडॉरचा आहे. शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकून मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकात गेलेला एक कुत्रा १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर देशभर गाजला. १९७३ च्या हिंदी चित्रपटावरून त्याचे नाव ठेवले होते ‘जंजीर’. जंजीर म्हणजे साखळी. शब्द स्त्रीलिंगी, आणि कुत्रा नर. ३,३२९ किलो आरडीएक्स शोधल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला. शब्दाचे लिंग त्याच्या कामाच्या आड आले नाही.

मात्र नावाचा ध्वनी आड येऊ शकतो, आणि तिथे चूक महागात पडते. कर्वे रस्त्यावर पट्टा हातातून सुटला आणि कुत्रा वाहनांत शिरला, तर आपल्या हाती उरते ती एक हाक. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात २०१९ मध्ये याचीच परीक्षा झाली. अनेक माणसांच्या बोलण्याच्या गलक्यात कुत्र्यांना त्यांची नावे ऐकवली. नाव आणि गलका सारख्याच मोठ्या आवाजाचे असताना कुत्र्यांनी नाव ओळखले. गलका नावापेक्षा मोठा झाला, की नाही ओळखले. म्हणून नाव आज्ञेच्या शब्दांपासून दूरचे असावे. ‘बस’ शिकवणाऱ्या घरात ‘बस्कू’ नको, ‘सिट’ म्हणणाऱ्या घरात ‘सीतू’ नको, आणि घरात कोणी मिकू असेल तर चिकूही नको. हाक मारायची रीतही महत्त्वाची. पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी १९९० मध्ये पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की छोटे, तुटक, चढते स्वर लागोपाठ काढले तर पिल्ले अधिक तत्परतेने जवळ येतात. एकच लांब, उतरता सूर तितका उपयोगी पडत नाही. दोन अक्षरी नाव या रीतीला सोयीचे. तपकिरी बॉक्सरच्या अंगाचा रंग पाहता मला तरी ‘चिकू’ पसंत आहे. ज्यांना नपुंसकलिंगच हवे त्यांनी ‘केशर’ ठेवावे.

पिल्लू पांढरे असेल तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. पांढऱ्या बॉक्सरांपैकी काही जन्मल्यानंतर थोड्याच आठवड्यांत बहिरे होतात. अंगाला रंग देणाऱ्या पेशींची आंतरकर्णातही गरज असते. त्या नसल्या की तेथील रक्तवाहिन्यांचा पडदा झिजतो आणि ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरतात. अशा कुत्र्याला हाताच्या खुणांनी उत्तम शिकवता येते. त्याचे नाव म्हणजे एक खूण, आणि खुणेला लिंग नसते.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर एक प्रयोग करून पाहा. नावाइतकीच अक्षरे असलेले चार साधे शब्द निवडा, उदाहरणार्थ ‘चिकू’साठी वाटी, खुर्ची, पाटी, दोरी. कुत्रा जागा पण शांत असताना, त्याच्याकडे न पाहता, एकाच सुरात हे शब्द पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने म्हणा आणि पाचवे नाव घ्या. कान हलले का, मान वळली का, हे दुसऱ्याने लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी नावाऐवजी शेवटचा स्वर बदललेला शब्द घ्या, म्हणजे ‘चिकू’ऐवजी ‘चिकी’. प्रत्येक प्रकार निदान पाच दिवस करावा. एका दिवसावरून काही ठरत नाही. प्रयोग घरच्याच कुत्र्यावर करावा, रस्त्यावरच्या नाही, आणि तो खात असताना तर मुळीच नाही. वर्गात चार-पाच जणांकडे कुत्री असतील, तर शिक्षकांनी सर्वांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात.