वाट तुटली कीं नांव हरवलें ?

'इंटरनेट गेलें' हे दोन शब्द आजच्या शहरी घरांत ज्या सहजतेनें उच्चारले जातात, त्याच सहजतेनें मागील पिढींत 'वीज गेली' हे शब्द उच्चारले जात. परंतु वीज जाते ती एकाच तऱ्हेनें जाते. दिवा विझतो आणि काय झालें हें लहान मुलासहि विचारावें लागत नाहीं. इंटरनेटचें तसें नाहीं. तें अनेक तऱ्हांनीं जातें आणि प्रत्येक तऱ्हेचा उपाय निराळा असतो. यवतमाळ, पुसद किंवा वणी यांसारख्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबास हा भेद कळणें आतां केवळ कुतूहलाची बाब राहिलेली नाहीं. प्रवेशपरीक्षेचा अर्ज, सातबाराचा उतारा, पीकविम्याची नोंद, वीजबिलाचा भरणा हीं सर्व कामें घरच्या संगणकावरून होतात आणि त्यांतील पुष्कळ कामांस शेवटची तारीख असते. त्या तारखेच्या सायंकाळीं पडदा कोरा राहिला, तर 'इंटरनेट गेलें' एवढें म्हणून भागत नाहीं; नेमकें काय गेलें, हें ठरवावें लागतें.

घरच्या संगणकास दूरच्या संगणकापर्यंत पोंचण्यास दोन गोष्टी लागतात : वाट आणि पत्ता. वाट म्हणजे घरांतील राउटर, तेथून निघणारी तांब्याची किंवा कांचतंतूची तार, कंपनीचें केंद्र आणि त्यापुढील सर्व जाळें. पत्ता म्हणजे अंक. मनुष्य नांवें लक्षांत ठेवतो. यंत्रें एकमेकांस अंकांनींच ओळखतात. टपालखात्यास ही अडचण फार पूर्वीं जाणवली होती. एकाच नांवाचीं गांवें अनेक जिल्ह्यांत असतात, नांवें निरनिराळ्या लिप्यांत लिहिलीं जातात आणि पत्रें भलतीकडे जातात. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ती योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे जाणते पंडित होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. शब्दांत रमणाऱ्या मनुष्यानेंच देशास अंकांची संवय लावली. यवतमाळ शहर टपालखात्यास ४४५००१ या अंकानें ठाऊक असतें, तसाच इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रासहि अंकी पत्ता असतो. जुन्या व अद्यापि सर्वत्र चालू असलेल्या पद्धतींत तो चार आंकड्यांचा असून प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. फरक इतकाच कीं, पिनकोड पत्र लिहिणाऱ्यास स्वतः लिहावा लागतो. इंटरनेटवर नांवावरून अंक काढून देण्याचें काम एक निराळी व्यवस्था करते. तिला डी. एन. एस. म्हणतात.

ही व्यवस्था आरंभीं नव्हती. इंटरनेटचें मूळ रूप असलेलें अमेरिकेंतील जाळें लहान होतें, तेव्हां सर्व संगणकांचीं नांवें व अंक एका यादींत मावत. ती यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालीं ठेवली जात असे आणि इतरांनीं तिची प्रत वेळोवेळीं उतरवून घ्यावयाची असे. संगणक वाढले तशी यादी फुगली, प्रती शिळ्या पडूं लागल्या. आणि १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं एकच मोठी यादी मोडून अधिकार वांटून देण्याची पद्धति मांडली. ज्याच्या हद्दींत जीं नांवें, त्यानेंच त्यांची वही राखावी, हें तिचें तत्त्व. भारताच्या वांट्यास 'इन' हें अंत्यपद आलें तें १९८९ सालीं, आणि त्याची वही प्रथम मुंबईंत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर-तंत्रज्ञान केंद्रांत राखली जात होती, ही गोष्ट खुद्द महाराष्ट्रांतहि फारशी कोणास ठाऊक नाहीं. २००५ पासून तें काम 'निक्सी' या संस्थेकडे आहे. जुनी यादी मात्र अगदींच नाहींशी झालेली नाहीं. संगणकाच्या पोटांत 'होस्ट्स' नांवाची एक लहानशी फाइल अद्यापि असते आणि संगणक बाहेर कोणास विचारण्यापूर्वीं तिचा आधार घेतो. एखादा उपद्रवी प्रोग्रॅम तिच्यांत दोन खोट्या ओळी लिहून जातो, तेव्हां सारें जग चालू असतां एकच स्थळ उघडेनासें होतें.

यवतमाळ जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचेंच उदाहरण घ्यावें. त्याचें नांव 'यवतमाळ डॉट गव्ह डॉट इन'. मनुष्य तें डावीकडून वाचतो, डी. एन. एस. उजवीकडून वाचतें. घरचा संगणक हें नांव बहुधा कंपनीच्या डी. एन. एस. सर्व्हरकडे धाडतो. त्यास उत्तर ठाऊक नसलें, तर तो 'ए' पासून 'एम' पर्यंतच्या तेरा मूळ सर्व्हरांपैकीं एकास विचारतो कीं, 'इन' ची वही कोणाकडे आहे ? तेथून 'गव्ह डॉट इन' च्या वहीकडे, आणि तेथून यवतमाळच्या अंकाकडे. हा सर्व प्रवास पापणी लवण्यापूर्वीं संपतो. मिळालेला अंक कांहीं मुदतीपर्यंत लक्षांत ठेवला जातो. म्हणून एखाद्या कचेरीनें आपलें स्थळ नव्या यंत्रावर हलविलें, म्हणजे एकाच आळींतील एका घरीं तें उघडतें आणि दुसऱ्या घरीं जुन्याच अंकाकडे खेटे पडत राहतात.

व्यवहारांत नांवांच्या बाबतींत मनुष्य पुष्कळ सांभाळून घेतो. तालुक्याचें नांव केळापूर, परंतु त्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा. तेथें कामासाठीं जाणारा शेतकरी त्यामुळें वाट चुकत नाहीं. इंग्रजी अमदानींत यवतमाळचें रोमन लेखन 'वाय, ई, ओ' असें सुरू होई, आतां तें 'वाय, ए, व्ही' असें होतें. टपालवाला दोन्ही पत्रें पोंचवील. डी. एन. एस. ला ही माया नाहीं. दुसरें नांव वहींत मुद्दाम नोंदलेलें असेल तरच तें चालतें. एरवीं एक अक्षर चुकलें कीं 'असें नांवच नाहीं' हें कोरडें उत्तर येतें. आणि चुकीच्या अक्षरांचें तें नांव एखाद्या लबाडानें आधींच घेऊन ठेवलेलें असलें, तर उत्तर येतें, हें त्याहून वाईट.

आतां तपासाचा क्रम. बहुतेक घरांत तो राउटर बंद करून पुन्हां सुरू करण्यापासून आरंभतो. हा उपाय पुष्कळदां लागू पडतो, हें खरें. परंतु दोष कोठें होता याच्या खुणा त्यानें पुसल्या जातात आणि तोच दोष दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा राहतो. त्यापूर्वीं पांच मिनिटें पाहण्यांत घालवावींत. एकच स्थळ बंद आहे कीं सर्व ? एकाच संगणकावर कीं घरांतील दुसऱ्या यंत्रावरहि ? येथें मोबाइल फोन मोठी फसवणूक करतो. फोनवर निरोप येत आहेत, म्हणून घरचें इंटरनेट चालू आहे, असें गृहीत धरलें जातें. वस्तुतः फोन आपल्या सिमकार्डाच्या वाटेनें बोलत असतो. फोनमधील मोबाइल डेटा बंद करून केवळ घरच्या वायफायवर तो चालतो का, हें पाहिल्यावांचून त्याची साक्ष ग्राह्य धरूं नये.

नंतर राउटरवरचे दिवे पाहावेत. कांचतंतूच्या जोडणींत 'लॉस' या नांवाचा तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशच घरापर्यंत येत नाहीं. रस्त्याच्या खोदकामांत तार तुटली असेल किंवा घरांतच ती पलंगाच्या पायाखालीं मुडपली असेल. अशा वेळीं संगणकाशीं झटापट करण्यांत कांहींच अर्थ नाहीं. कांहीं स्थानिक जोडण्यांत वाटेवरच्या पेट्यांस वीज लागते, म्हणून घरीं इन्व्हर्टर असूनहि गांवांतील वीज गेली कीं वाट बंद होते. हेंहि ध्यानांत असावें.

दिवे ठीक असल्यास संगणकाकडे वळावें. विंडोज संगणकांत 'कमांड प्रॉम्प्ट' नांवाची काळी खिडकी असते. तिची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. साधे प्रश्न विचारल्यानें संगणकाचें कांहीं बिघडत नाहीं. तेथें 'आयपीकॉन्फिग' असें रोमन अक्षरांत लिहिलें कीं संगणकाचा स्वतःचा अंक दिसतो. तो १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरनें त्यास अंकच दिलेला नाहीं. दोष घरांतल्या घरांत आहे. वायफाय तोडून पुन्हां जोडावें, किंवा तार लावून पाहावी. अंक बरोबर असेल, तर त्याच ठिकाणीं 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून राउटरचा अंक दिलेला असतो, पुष्कळदां १९२.१६८.१.१. 'पिंग' हा शब्द व पुढें तो अंक लिहिला असतां राउटर हांकेस ओ देतो का तें कळतें. त्यानें ओ दिली, कीं तशीच हांक ८.८.८.८ या बाहेरच्या अंकास द्यावी. तेथूनहि उत्तर आलें, तर वाट शाबूत आहे, हें सिद्ध झालें. उत्तर न आलें तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या हद्दींत आहे. मासिक शुल्क संपलेलें नाहीं ना, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें.

वाट शाबूत असून स्थळें उघडत नसलीं, म्हणजे संशय नांवावर येतो. 'एनएसलुकअप' हा शब्द व त्यापुढें स्थळाचें नांव लिहावें. तीन प्रकारचीं उत्तरें संभवतात व त्यांचा अर्थ भिन्न आहे. नांवच अस्तित्वांत नाहीं असें उत्तर आलें, तर प्रथम आपलीं अक्षरें तपासावींत. ठराविक वेळांत उत्तरच आलें नाहीं, तर डी. एन. एस. सर्व्हर आजारी आहे. अंक व्यवस्थित मिळाला आणि तरीहि स्थळ उघडलें नाहीं, तर नांवाचा कांहीं दोष नाहीं. त्या कचेरीचें यंत्रच बंद असेल, किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तेथें झुंबड उडाली असेल. मात्र अशा स्थळास 'पिंग' करून निकाल देऊं नये. अनेक यंत्रें सुरक्षेसाठीं त्या हांकेस मुद्दाम उत्तर देत नाहींत. दार उघडें असूनहि तीं मुकीं राहतात.

सर्व्हर आजारी असल्याची शंका आली, तर तोच प्रश्न दुसऱ्यास विचारून पाहावा. 'एनएसलुकअप', स्थळाचें नांव आणि शेवटीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असें लिहिलें, कीं प्रश्न कंपनीस न जातां त्या सर्व्हरकडे जातो. पहिला गूगलचा, २००९ पासूनचा. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. येथें अंक मिळाला व कंपनीकडे मिळाला नाहीं, तर संगणकाच्या जोडणींत हाच सर्व्हर नोंदवून काम भागवितां येतें. त्यानंतर 'आयपीकॉन्फिग', एक तिरपी रेघ व 'फ्लशडीएनएस' असें लिहून संगणकानें लक्षांत ठेवलेले जुने अंक विसरावयास लावावे. परंतु ८.८.८.८ हा सर्व रोगांवरील मंत्र आहे, अशी जी समजूत पसरली आहे ती खरी नाहीं. तार तुटली असतां त्या मंत्रानें कांहींच होत नाहीं. शिवाय जो नांवांचीं उत्तरें देतो, त्यास घरांतून कोणकोणतीं स्थळें पाहिलीं जातात हें कळतें; हा विश्वास कोणावर टाकावयाचा, हें प्रत्येक कुटुंबानें विचारपूर्वक ठरवावयाचें आहे.

हा विश्वास भलत्याच ठिकाणीं गेला म्हणजे काय होतें, याचा दाखला जगानें पाहिलेला आहे. 'डीएनएसचेंजर' नांवाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमनें शंभराहून अधिक देशांतील सुमारें ४० लाख संगणकांचे डी. एन. एस. सर्व्हर गुपचूप बदलून ते भामट्यांच्या सर्व्हरांकडे वळविले होते. २०११ च्या नोव्हेंबरांत ती टोळी पकडली गेली. परंतु ते सर्व्हर एकदम बंद केले असते, तर निरपराध माणसांचें इंटरनेट बंद पडलें असतें. म्हणून न्यायालयाच्या आज्ञेनें त्यांच्या जागीं चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै १९१२ नव्हे, तर २०१२ पर्यंत, म्हणजे आठ महिने, चालू ठेवावे लागले. त्या दिवसानंतर ज्यांचे संगणक तसेच रोगट राहिले होते, त्यांची वाट धडधाकट असूनहि एकहि नांव सांपडेना. घरच्या राउटरचा कारखान्यांतून आलेला संकेतशब्द कित्येक वर्षें तसाच ठेवणाऱ्या गृहस्थांनीं हें प्रकरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राउटरमधील सर्व्हर बदलला, कीं घरांतील सर्वच यंत्रें एकदम फसतात.

कधीं कधीं दोष घरांत नसतो, कंपनींतहि नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं रात्रीं नवाच्या सुमारास भारतांत फेसबुक व व्हॉट्सॲप एकदम बंद पडलें आणि सुमारें सहा तास बंद राहिलें. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेनें त्या कंपनीचें अंतर्गत जाळें तुटलें; त्याबरोबर तिच्या डी. एन. एस. सर्व्हरांनीं जगास आपल्याकडची वाट दाखविणें आपोआप थांबविलें. नांव सांगणारेच वाटेवरून नाहींसे झाले. त्या रात्रीं कित्येकांनीं आपला राउटर पुनःपुन्हां बंद-चालू केला असेल. इतर स्थळें उघडतात का, हा पहिलाच प्रश्न विचारला असता तर तो खटाटोप वांचला असता.

आणखी एक दोष इंटरनेटचा वाटतो, पण असतो घड्याळाचा. जुन्या संगणकांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली कीं वीज जातांच संगणकाची तारीख कित्येक वर्षें मागें जाते. स्थळाचें नांव खरें आहे याची ग्वाही देणारीं प्रमाणपत्रें ठराविक मुदतीचीं असल्यामुळें, तारीख चुकीची असलेल्या संगणकास तीं खोटीं वाटतात आणि बँकेचें स्थळहि 'असुरक्षित' ठरतें. पडद्याच्या कोपऱ्यांतील तारखेकडे एक दृष्टि टाकली कीं हा रोग ओळखतां येतो.

नांव रोमन अक्षरांतच असावें, हें बंधनहि आतां उरलेलें नाहीं. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरींत 'डॉट भारत' हें अंत्यपद मिळूं लागलें असून मराठी नांवें त्यांत घेतां येतात. डी. एन. एस. च्या वहींत मात्र तीं 'एक्स एन' व दोन आडव्या रेघा यांनीं सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलून नोंदलीं जातात. तपास करतांना तशीं विचित्र अक्षरें दिसलीं, तर संगणक बिघडला असें समजूं नये.

कंपनीकडे तक्रार करण्याची वेळ आलीच, तर ती अशी करावी : राउटरचे दिवे कोणते लागले आहेत, राउटर हांकेस ओ देतो कीं नाहीं, ८.८.८.८ कडून उत्तर येतें कीं नाहीं, आणि नांव विचारलें असतां कोणतें उत्तर मिळतें. या चार गोष्टी कागदावर लिहून दूरध्वनि केला, कीं 'राउटर बंद करून पुन्हां चालू करा' या ठराविक उत्तराच्या पुढें संभाषण सरकतें आणि तारेसाठीं शिडी घेऊन येणारा माणूस लागेल, कीं कचेरींत बसून सर्व्हर दुरुस्त करणारा, हें त्याच दूरध्वनींत ठरतें.